प्रायश्चित्तकाळ : अहमदनगर जिल्ह्यातील कॅथोलिक धर्मग्रामांतील

प्रायश्चित्तकाळ, अथवा व्यवहारात रूढ असलेल्या नावाने उपवासकाळ, हा भस्म बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा कॅथोलिक धर्मवर्षातील तपाचा काळ होय. पंचांगाने मोजू गेल्यास ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत तो ४६ दिवसांचा भरतो; परंतु रविवार हा पुनरुत्थानाचा वार असल्यामुळे त्या दिवशी उपवास धरीत नाहीत, आणि सहा रविवार वजा जाता येशू ख्रिस्ताच्या अरण्यवासाशी जुळणारी चाळीसची संख्या उरते. ईस्टर हा चांद्रगणनेवर अवलंबून असलेला सण २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेत केव्हाही येत असल्याने, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हा काळ माघाच्या ओसरत्या थंडीपासून चैत्राच्या उन्हापर्यंत पसरतो. म्हणजे ज्वारीची काढणी, हरभरा-गव्हाची मळणी, साखर कारखान्यांच्या हंगामाची अखेर, शाळांच्या परीक्षा आणि लग्नसराईचा आरंभ हे सर्व त्याच्याच पोटात येते. येथील धर्मग्रामांत (पॅरिशांत) या काळाला जे रूप आले आहे ते रोमच्या विधिग्रंथाने जितके घडविले, तितकेच या हंगामी व्यवहाराने घडविले आहे, ही गोष्ट प्रारंभीच नमूद करणे इष्ट होईल.

१७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या, महाराष्ट्रातील सर्वांत विस्तीर्ण अशा या जिल्ह्यातील कॅथोलिक समाज वसई किंवा गोवा येथील समाजाप्रमाणे पोर्तुगीज अमदानीतला नाही. १८७६-७८च्या भीषण दुष्काळाच्या अखेरीस राहुरी तालुक्यातील केंदळ व वळण या भागात जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी ठाणे मांडले, आणि तेथून संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवासे, शेवगाव या दिशांनी त्यांच्या मिशनचा विस्तार झाला. दीक्षा घेणारी बहुसंख्य कुटुंबे गावगाड्यात महार व मांग म्हणून वेशीबाहेर ठेवलेल्यांपैकी होती; त्यांनी आपली मराठी आडनावे, आपली बोली आणि आपले भजन टाकले नाही. १८८६ साली पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली तेव्हा हा जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. पुढे पुण्याचे बिशप झालेले हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली याच जिल्ह्यातून ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढले. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून जर्मन धर्मगुरूंची धरपकड व परत पाठवणी झाली, आणि युद्धोत्तर काळात त्यांची जागा मुख्यतः स्विस जेझुइटांनी भरून काढली.

या इतिहासाचा प्रायश्चित्तकाळाशी साक्षात संबंध आहे. गोव्यात या काळातील पाचव्या आठवड्याच्या सोमवारी जुन्या परंपरेची संतांची मिरवणूक निघते, तेथील कोफ्रारियांचे (धर्मबंधुसंघांचे) मानपान शतकानुशतके चालत आलेले आहेत. नगर जिल्ह्यात असा मिरवणुकांचा सरंजाम नाही आणि मानकऱ्यांची घराणीही नाहीत. येथे मुळात होते ते एक मध्यवर्ती मिशन ठाणे, त्याच्या भोवती दहा-वीस मैलांच्या टापूत विखुरलेल्या वस्त्या, घोड्यावर अथवा छकड्यातून फिरतीवर असणारा एक धर्मगुरू, आणि प्रत्येक वस्तीवर त्याचा मुखत्यार म्हणून राहणारा शिक्षक, ज्याला सारे ‘मास्तर’ म्हणत. दिवसा मुलांना बाराखडी, संध्याकाळी मोठ्यांना प्रार्थना व धर्मशिक्षण, आणि रविवारी धर्मगुरू न आल्यास उपासनेचे नेतृत्व, अशी तिहेरी जबाबदारी हा मास्तर अल्प वेतनावर वाहत असे. मिशनच्या इतिहासात धर्मगुरूंची नावे जेवढ्या आदराने लिहिली गेली तेवढ्या आदराने मास्तरांची लिहिली गेली नाहीत, हा त्या इतिहासाचा एक ठळक उणेपणा मानावा लागेल.

मास्तराच्या कामाची खरी कसोटी प्रायश्चित्तकाळातच लागे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे आणि पास्काच्या (ईस्टरच्या) समयास ख्रिस्तशरीर स्वीकारावे असा दंडक घातला. युरोपातील खेड्यात, जेथे ख्रिस्तमंदिर गावाच्या मध्यभागी असते, तेथे तो पाळणे सोपे. परंतु जेथे अर्धा गाव उसाच्या फडावर, काही माणसे कालव्याच्या वा रस्त्याच्या कामावर आणि काही मुंबई-पुण्यास गेलेली, तेथे हा दंडक म्हणजे एक मोठाच बंदोबस्त होऊन बसला. कुटुंबवार नोंदवह्यांवरून कोण गावी आहे, कोण परगावी आहे, कोणाचे लग्न मंदिरात लागलेले नाही, कोणाचे मूल बाप्तिस्म्याविना राहिले आहे याचा तपशील जमवून धर्मगुरूच्या मुक्कामापूर्वी वस्ती सिद्ध करणे, भांडलेल्या भाऊबंदांना समोरासमोर बसवून पंचांकरवी त्यांची दिलजमाई करणे, आणि मग एका संध्याकाळी साऱ्यांची पापनिवेदने होऊन दुसऱ्या सकाळी मिस्सा (प्रभुभोजनाचा विधी) होणे, असा हा क्रम होता. धर्मग्रामाचे दफ्तर वरवर पाहता कोरडे वाटले, तरी तंटा मिटल्यावाचून पापनिवेदनास बसू नये हा त्यामागील आग्रह वस्तीच्या सामाजिक आरोग्यास फार उपकारक ठरला.

भस्म बुधवारी गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) वापरलेल्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळी लावून काळाचा आरंभ होतो. वेदीवरील वस्त्रे जांभळी होतात, फुलांची सजावट थांबते, आणि आलेलूयाचा घोष ईस्टरच्या रात्रीपर्यंत कानी पडत नाही. उपवासाचे नियम पूर्वी कडक होते; पोप सहावे पॉल यांच्या १९६६ सालच्या आदेशान्वये ते शिथिल होऊन भस्म बुधवार व शुभ शुक्रवार हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे उरले आहेत. त्या दिवशी एकच पूर्ण भोजन घ्यावयाचे असते. हा नियम वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करीपर्यंतच्यांना, आणि मांसवर्जनाचा नियम १४ वर्षांवरील सर्वांना लागू आहे. एकादशीच्या फराळाशी या उपवासाचे नाते नाही. साबुदाणा वा शेंगदाणे यांना त्यात विशेष स्थान नाही, आणि भाकरी निषिद्ध नाही. मांसवर्जनाविषयी मात्र एक विचार सुचतो. ज्या घरांत मटण सणासुदीलाच शिजत असे, त्या घरांना शुक्रवारी मांस खाऊ नये असे सांगणे म्हणजे फारसे काही मागणे नव्हे. म्हणूनच येथील प्रवचनांत त्यागाचा भर दारू, तंबाखू, विडी आणि जुगार यांच्यावर राहिला, तो योग्यच होय. चाळीस दिवस दारूस न शिवण्याचा घरधन्याचा निश्चय घरातील स्त्रीला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोलाचा वाटतो.

शुक्रवारची क्रुसाची वाट हा या काळातील सर्वांत लोकप्रिय उपासनाविधी आहे. पिलाताच्या न्यायासनापासून कबरीपर्यंतच्या दुःखसहनाची १४ स्थाने मंदिराच्या भिंतीवर असतात. ही संख्या पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली निश्चित केली. वस्तीवर मंदिर नसल्यास अंगणाअंगणांतून, लिंबाच्या वा बाभळीच्या झाडाला लाकडी क्रूस टेकवून ही स्थाने मांडता येतात, आणि मग प्रत्येक स्थानाची प्रार्थना एकेका घराकडे सोपविली जाते. उन्हामुळे ती बहुधा दिवस कलल्यावर निघते. पुढे क्रूस, मागे स्त्रिया व मुले, आणि एका स्थानापासून दुसऱ्या स्थानापर्यंत आळविलेले शोकगीत, असे तिचे स्वरूप असते. वाचता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही चौदा स्थानांची कथा क्रमाने मुखोद्गत असते, याचे श्रेय पुस्तकापेक्षा या चालण्याला आहे.

रात्रीचा कार्यक्रम भजन-कीर्तनाचा. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगरमध्ये मुळात प्रॉटेस्टंटांनी रुजविली. १८३१ पासून येथे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला आकार दिला, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पदांनी तिला खरे काव्य लाभले. गंमत अशी की, त्या मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेत चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला फारसे स्थान नव्हते. कीर्तन त्यांचे आणि काळ कॅथोलिकांचा, असा हा संयोग वस्त्यांवर झाला. पेटी, तबला आणि झांज घेऊन बसलेली मंडळी पूर्वरंगात क्षमा, लोभ वा पश्चात्ताप असा विषय घेतात आणि उत्तररंगात उधळ्या पुत्राचे किंवा पेत्राच्या नाकारण्याचे आख्यान लावतात. श्रोत्यांत शेजारच्या आळीतील हिंदू व बौद्धही असतात. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ गोव्याच्या मंदिरांतून वाचले जात असे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केल्यावर घाटावरील वाचकांना ते सुलभ झाले. तथापि वस्तीवर आजही पुराणाच्या ओवीपेक्षा अभंगाची चालच अधिक रुळलेली दिसते.

हंगामाचा अडसर सर्वत्र जाणवतो. बेलापूर कंपनीचा हरेगाव येथील कारखाना, १९५०-५१ साली पहिला हंगाम घेतलेला प्रवरानगरचा सहकारी कारखाना आणि त्यामागोमाग उभे राहिलेले इतर कारखाने यांनी प्रवरेच्या पाटपाण्याचा प्रदेश समृद्ध केला. तेथे मजुरीस आलेल्यांत ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ होती. पाथर्डी-शेवगावकडील कोरडवाहू पट्ट्यातून मात्र माणसे ऊसतोडीला बाहेर जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडल्याखेरीज (हंगाम संपल्याखेरीज) त्यांचे परतणे होत नाही. ईस्टर मार्चमध्ये आला की अशा वस्त्यांवर झावळ्यांच्या रविवारी म्हातारी माणसे आणि मुले एवढीच असतात. एप्रिलच्या उत्तरार्धात आला की मंदिरात पाय ठेवण्यास जागा नसते. विवाहांचेही असेच. १९१७च्या धर्मसंहितेनुसार या काळात समारंभपूर्वक विवाह-आशीर्वाद वर्ज्य होता, आणि आजही धुमधडाक्याची लग्ने टाळण्याकडे कल असतो. परिणामी ईस्टरनंतरच्या आठवड्यांत लग्नांची एकच गर्दी उसळते.

उपवास व प्रार्थना यांच्यानंतर दानधर्म हे या काळाचे तिसरे अंग. १९६२ साली स्थापन झालेली कारितास इंडिया ही संस्था भूक व रोग यांच्याविरुद्धची आपली वार्षिक मोहीम याच दिवसांत चालविते, आणि धर्मग्रामांतून तिच्यासाठी वर्गणी जमते. जर्मन कॅथोलिकांनी प्रायश्चित्तकाळातील उपवासाच्या बचतीतून १९५८ साली ‘मिझेरिऑर’ हा निधी सुरू केला व त्याचे साह्य भारतासह अनेक देशांना पोहोचले. म्हणजे दात्याच्या बाजूने पाहता विकासकार्याच्या मुळाशीही हाच काळ आढळतो. नगर जिल्ह्यात अशा कार्याला दिशा देणारी व्यक्ती म्हणजे १९४८ साली भारतात आलेले स्विस जेझुइट हर्मन बाखर. दुष्काळात धान्य वाटण्याने दुष्काळ हटत नाही, पावसाचे पाणी डोंगरमाथ्यापासून अडविले पाहिजे, आणि ते गावाने स्वतःच्या श्रमदानाने अडविले पाहिजे, हा विचार त्यांनी येथील सोशल सेंटरच्या व पुढे १९९३ साली स्थापन झालेल्या ‘वॉटर’ या संस्थेच्या द्वारा पाणलोट क्षेत्र विकासाच्या रूपाने उभा केला. ही कामे ख्रिस्ती वस्तीपुरती कधीच नव्हती. बांध सर्व जातिधर्मांच्या शिवारातून गेले. बाखर यांचे २०२१ साली निधन झाले.

पवित्र सप्ताह झावळ्यांच्या रविवारी सुरू होतो. कोकणासारखी नारळाची विपुलता येथे नसल्याने हाताशी येईल त्या झावळीवर भागवावे लागते. या सप्ताहातील सर्वांत अर्थपूर्ण विधी गुरुवारच्या सायंकाळचा होय. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याचे स्मरण म्हणून धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात असे आणि ज्यांना गावच्या पाणवठ्यावर चढण्याची मुभा नव्हती, त्यांच्या वंशजांपुढे पांढऱ्या झग्यातील धर्मगुरूने गुडघे टेकून, त्यांच्या भेगाळलेल्या पायांवर पाणी घालून ते पुसावेत, या दृश्याचा अर्थ येथील माणसाला टीकाकाराने समजावून देण्याची आवश्यकता नाही. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या आज्ञेने स्त्रियांनाही या बारांत बसण्याची मोकळीक मिळाली. त्याच कॅथोलिक समाजाच्या अंतर्गत जातिभेद सर्वस्वी मावळला असे म्हणता येणार नाही, आणि आरक्षणाच्या कायद्यात दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातीचा दर्जा नाही, हा विषयही या दिवसांतील बैठकांत निघतो.

गुरुवारच्या मिस्सेपासून घंटा मूक होतात. शुक्रवारी मिस्सा होत नाही; तिसऱ्या प्रहरी दुःखसहनाचे वाचन, क्रुसाचे वंदन आणि ख्रिस्तशरीराचा स्वीकार एवढेच विधी होतात, आणि या दिवसाचे दान पवित्र भूमीतील मंदिरांसाठी राखलेले असते. प्रॉटेस्टंट मंदिरांत त्याच सुमारास क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने चालतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना द्वार उघडण्यापूर्वी कॅथोलिक विधी लॅटिनमध्ये होत, आणि लोक त्यांच्याबरोबरीने आपली मराठी जपमाळ ओढीत. आता शनिवारच्या रात्रीचा नवा अग्नी, पास्काची मेणबत्ती, प्रौढांचे बाप्तिस्मे हे सारे मराठीतच होते.

बाप्तिस्मे व इतर विधींत आजारी, दीक्षार्थी व नवअभिषिक्त यांच्यासाठी लागणारी पवित्र तेले महागुरुस्वामी (बिशप) वर्षातून एकदाच, पवित्र सप्ताहाच्या गुरुवारी अथवा दूरच्या धर्मगुरूंच्या सोयीसाठी त्यापूर्वी, आशीर्वादित करतात. १९८७ साली नाशिक, अहमदनगर, धुळे, जळगाव या प्रदेशांचा नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला. तोपर्यंत जिल्ह्यातील धर्मगुरू ही तेले पुण्याहून आणीत. तेव्हापासून ती नाशिकहून येतात.