मोटेला विटाळ नव्हता

खानदेशच्या इतिहासाची पुस्तकं काढून बघा. फारुकी सुलतान सापडतील. थाळनेरचा किल्ला सापडेल. १८१८ साली आलेला इंग्रज सापडेल. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे झाले आणि पुढं त्यांना जळगाव, धुळे ही नावं मिळाली, हेही सापडेल. पण विहिरीतलं पाणी वर कशानं आलं? चामड्यानं. एवढी साधी गोष्ट तिथं सापडणार नाही.

पांझरेकाठचे फडाचे बंधारे सोडले, तर विहिरीवरचं बागायत मोटेवर होतं. ऑइल इंजिन आणि विजेचा पंप येईपर्यंत हेच चाललं. त्या मोटेमागं हातांची साखळी होती. मेलेलं जनावर ओढायचं महारानं. कातडं कमवायचं ढोरानं : चुन्यात भिजवून केस काढायचे, मांस खरवडायचं, बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं. मोट शिवायची चांभारानं. नाडा वळायचा मांगानं. गावागणिक वाटणी थोडीफार बदलायची, पण शेवटी बैल हाकणारा आणि पीक घरी नेणारा मात्र वेगळाच.

आता गोम बघा. त्या मोटेचं पाणी थारोळ्यात पडायचं. वाटसरू ओंजळ भरून प्यायचा. पाटानं ते मिरचीला जायचं, आणि ती मिरची सगळ्या वाड्यांत जायची. मेलेल्या ढोराच्या कातड्यातून आलेल्या पाण्याला विटाळ नव्हता. विटाळ होता तो कातडं शिवणाऱ्या हाताला. त्या हातानं विहिरीला शिवायचं नाही! म्हणजे विटाळ चामड्याचा कधीच नव्हता, दोस्तांनो. तो माणसाला खाली ठेवायचा बेत होता. महाडचं तळं १९२७ ला उगाच पेटलं नाही.

आणि ह्या हातांकडं शास्त्र होतं. कातड्यातला ओशटपणा गेला की ते तडकतं. ओल राहिली की बुरशी धरतं. विस्तवाशी सुकवलं की लाकूड होतं. म्हणून आधी कोरडी धूळ झाडायची, मग ओल्या फडक्यानं हलकं पुसायचं, सावलीत वाळवायचं, मग तेलाचा पातळ हात फिरवायचा. आज महागड्या बुटांच्या डबीवर हेच छापून येतं. खवल्यांचं कातडं असेल तर खवल्यांच्या दिशेनंच पुसायचं, नाहीतर खवलं उचकटतं. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मगर-घोरपडीची शिकार आणि त्यांच्या कातड्याचा धंदा गुन्हा ठरलाय. अमेरिकेत मात्र गुराख्याचे म्हणून ओळखले जाणारे उंच बूट मगरीच्या, शहामृगाच्या कातड्याचे करतात आणि शेटलोक घालतात. तिथला गुराखी कोण होता? १८६० नंतरच्या काळात टेक्सासमधून गुरांचे कळप हाकणाऱ्यांत दर चारांतला एक काळा होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. सिनेमात मात्र सगळे गोरे! बूट ठेवला, माणूस पुसला. इथं काय वेगळं झालं?

काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी ही घाण सोडायला सांगितली, मग तिचा इतिहास कशाला उगाळता? नीट ऐका. बाबासाहेबांनी सक्ती सोडायला सांगितली. १९२८ ला त्यांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं ते ह्याच वेठीवर. ढोरं ओढणं सोडल्यानं तुमचा केवढा पैसा बुडतो, असा हिशेब सवर्ण सांगायला लागले. त्यावर १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात त्यांनी सांगितलं, एवढा फायदा आहे तर तुम्हीच ओढा, वर पाचशे रुपये मी देतो. कुणी पुढं आलं? काम सोडणं हा आपला हक्क. पण त्या कामातलं ज्ञान कुणाचं होतं, हे नोंदवणं हाही आपलाच हक्क.

नाही नोंदवलं तर काय होतं? १९७४ ला सरकारनं चर्मोद्योगाचं महामंडळ काढलं. तरी रस्त्याकडंचा गटई कामगार पत्र्याच्या स्टॉलसाठी अर्ज घेऊन फिरतो. २०१५ ला राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. २०१६ ला शेजारच्या गुजरातेत, उन्यात, मेलेल्या गाईचं कातडं काढलं म्हणून आपल्या पोरांना उघड्यावर फोडून काढलं. ओढलं तरी मार, सोडलं तरी मार. आणि २०२५ ला मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल झळकली, तेव्हा आरडाओरडा झाल्यावर कारागीर आठवला.

३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब धुळ्याला आले होते, लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. दरवर्षी त्या दिवशी तिथं गर्दी लोटते. निळे झेंडे घेऊन जाच. पण सोबत एक वहीही न्या. म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांना विचारा : तुमच्या गावात मोट कोण शिवायचं? कातडं कशात मुरवायचे? बलुतं किती मिळायचं, की नुसतीच शिवी मिळायची? हत्याराचं नाव जसं ते सांगतील तसं, अहिराणीत लिहा. मोट बघितलेली माणसं आता थोडी उरलीत. ती गेली की पुन्हा सुलतान आणि किल्लेच उरतील.