सहीविना चित्र
डहाणूकडच्या वारली पाड्यात लग्न निघाले, की सवाष्णी जमून गेरूच्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये पालघाट देवी. खाली नाव कुणाचेच नसते.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या लोकांच्या हाती कागद दिला. चित्र गावाबाहेर गेले, विकले गेले, पोटाला आधार झाला. पण कागदाला सही लागली. जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर पोचले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याचा मला आनंदच आहे.

तरीही चित्र पुरे होताच वर्गातली मुले कोपऱ्यात नाव घालू लागली, की मला त्या सवाष्णी आठवतात. कागद एकट्याने रंगवता येतो. चौकाला मात्र चारचौघींनी त्या घरी जावेच लागते.