मित्र, मेज आणि पंक्ति

वांद्र्याच्या स्टेशनाकडून समुद्राच्या बाजूस जाणार्‍या रस्त्यांवर आज उपाहारगृहांची इतकी दाटी झाली आहे कीं, त्यांची गणती करण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं. रविवारच्या सायंकाळीं त्यांपैकीं कोठेंहि डोकावलें, तर एखाद्या मेजाशीं दोन प्रौढ गृहस्थ बसलेले दिसावयाचेच. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं ते एका महाविद्यालयांत एका बाकावर बसत होते. पुढें नोकरीमुळें व संसारामुळें त्यांच्या वाटा फुटल्या, आणि आज योगायोगानें भेट झाली आहे. जुन्या प्राध्यापकांच्या लकबी आठवून ते हंसतात, आणि बोलतां बोलतां एकाचा हात दुसर्‍याच्या ताटाकडे जातो. या देखाव्यांत नवल वाटण्यासारखें कांहीं आहे, असें वाचकांस वाटणार नाहीं. पण इतिहासाच्या दृष्टीनें पाहिल्यास तो फार कष्टानें साधलेला देखावा आहे. त्यासाठीं तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या: सर्व जातींच्या मुलांना शेजारीं बसविणारें विद्यालय, कोणाहि गिर्‍हाइकास शिजविलेलें अन्न विकणारें दुकान, आणि तेथें बसण्याचा प्रत्येकाचा हक्क मान्य करणारा कायदा. पहिल्या व तिसर्‍या गोष्टींत शंभर वर्षांहून अधिक अंतर पडलें. त्या अंतराची ही थोडक्यांत हकीकत आहे.

प्रथम बाक आला. एल्फिन्स्टन विद्यालयांत ब्राह्मण, प्रभु, शेणवी, गुजराती, पारशी अशीं मुलें एकाच शिक्षकापुढें एकच पुस्तक उघडून बसूं लागलीं. परंतु विद्येची पंक्ति एक झाली, तरी अन्नाची पंक्ति वेगळीच राहिली. घंटा झाली कीं, दोघे मित्र न्यूटनविषयीं बोलत रस्त्यापर्यंत एकत्र येत, आणि तेथून जो तो आपापल्या सोंवळ्यांत शिरे. मैत्री आहे, पण तिला जेवण नाहीं, ही ओढाताण कांहीं तरुणांस असह्य झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर, राम बाळकृष्ण जयकर वगैरे मंडळींनीं १८४९ च्या सुमारास मुंबईंत परमहंस सभा काढली, तिच्या मुळाशीं हीच अस्वस्थता होती. जातिभेद मोडणें हा सभेचा उद्देश होता. सभासद होऊं इच्छिणार्‍यास ख्रिस्ती भटार्‍यानें भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावें लागे. मग तो सभेचा बंधु.

त्या पावाचा विचार वांद्र्यांत बसून केला असतां मोठी मौज वाटते. 'पाव' हा शब्दच पोर्तुगीजांनीं आपणांस दिला. आणि वांद्रें व साष्टी या भागांत सोळाव्या शतकापासून वस्ती करून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरीं पाव हें नित्याचें खाणें होतें. माहीम व वांद्रें यांना जोडणारा रस्ता लेडी जमशेटजी यांच्या औदार्यामुळें १८४५ सालीं खुला झाला होता. म्हणजे खाडीच्या अलीकडे ज्याची न्याहारी होत होती, त्याच पदार्थाचा एक तुकडा तीन-चार कोसांवर, दारें लावून घेतलेल्या खोलींत, क्रांति म्हणून खाल्ला जात होता!

दारें लावून घेतलेलीं होतीं, यांतच सभेचें मर्म व तिचें मरण आहे. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास तिचे कागदपत्र चोरीस गेले, सभासदांचीं नांवें बाहेर पडलीं, आणि सभा मोडली. या मंडळींना भित्रीं म्हणून हंसणें सोपें आहे. आम्हांस तें उचित वाटत नाहीं. बहिष्कार म्हणजे एकट्याची गैरसोय नव्हती. भटजी येणार नाहीं, न्हावी येणार नाहीं, बहिणीचें लग्न ठरणार नाहीं, बापाच्या प्रेतास खांदा मिळणार नाहीं, अशी ती शिक्षा होती. पाव खाई एक, आणि त्याचा दंड भरी सारें घर. यांतील कांहीं विचार पुढें १८६७ च्या प्रार्थनासमाजांत उघडपणें आले. दादोबांचे बंधु आत्माराम पांडुरंग हेच त्याचे एक संस्थापक होते.

तीस वर्षांनीं पुण्यांत हाच प्रश्न चहाच्या पेल्यांतून पुन्हां उपस्थित झाला. १८९० च्या आक्टोबर महिन्यांत पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानासाठीं जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें छापून आणलीं, आणि शहरांत वादळ उठलें. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांचीं मतें इतर बाबतींत कितीहि भिन्न असोत, या एका पेल्यानें दोघांनाहि एकाच आरोपाखालीं आणलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. रानड्यांनीं पुढें १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, तेव्हां सुधारक त्यांच्यावर रुष्ट झाले. परंतु रमाबाई रानडे यांच्या आठवणी वाचल्या म्हणजे कळतें कीं, आपल्या मित्रांची अडचण दूर व्हावी, हा विचार त्या कृतीमागें होता. एका चहासाठीं मित्राचें घर मोडूं नये म्हणून दुसर्‍या मित्रानें आपला मान खालीं घालावा, असा तो काळ होता.

सभांना जें साधलें नाहीं, तें दुकानांना साधलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द, केरमान इकडून आलेल्या इराणी मंडळींनीं मुंबईच्या नाक्यानाक्यांवर संगमरवरी मेजें मांडलीं; मागून उडुपीकडील लोक आले, आणि मराठी माणसांचीं उपाहारगृहेंहि निघालीं. वांद्र्यास घोडबंदर रस्ता व हिल रोड मिळतात त्या नाक्यावरचें 'लकी' याच परंपरेंतलें. या दुकानदारांना समाजसुधारणा करावयाची नव्हती. त्यांना चहा विकावयाचा होता. पण त्यामुळेंच त्यांचें काम सोपें झालें. सभेंत शपथ होती, दुकानांत नव्हती. घरीं यजमान कोण व पाहुणा कोण, हें ठरवावें लागे. दुकानांत दोघेहि गिर्‍हाईक. गल्ल्यावरच्या इराण्याजवळ वही होती खरी, पण तींत सभासदांचीं नांवें नव्हतीं. १८६७ पासून विरारकडून मुंबईस आगगाडी धांवूं लागली होती. उपनगरांतला कारकून दिवसभर घरापासून दूर राही, भुकेला होई, आणि आळींतल्या डोळ्यांआड दोन आण्यांत मित्रासह कांहीं खाऊन घेई. पुढें इराण्यांनीं लांकडी आडोसे घालून कुटुंबांसाठीं खोल्या केल्या, तेव्हां बायकांनाहि घराबाहेर बसून चहा घेण्याची सोय झाली.

असें असलें, तरी पैसा पुढें केला कीं प्रत्येकास पेला मिळे, असें मात्र समजूं नये. १९०८ सालीं भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजांत दाखल झाले. त्या महाविद्यालयांतील चहाचा दुकानदार त्यांस चहा तर नाहींच, पण पाणीहि देत नसे, असें त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनीं नमूद केलें आहे. सर्वांना शेजारीं बसविणारा तो बाक येथवर येऊन थांबला होता! १९१७ सालीं ते परदेशांतून शिकून बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हां पारशी खाणावळींतून त्यांना हांकलून लावण्यांत आलें. आसर्‍यासाठीं ते एका हिंदु मित्राकडे गेले. मित्र कळवळला, संतापलाहि. पण तुम्ही माझ्या घरीं आलांत, तर माझे नोकर निघून जातील, असें म्हणाला. आंबेडकरांनीं तो इशारा ओळखला. ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. आमच्या मतें या सर्व इतिहासांत याहून दुःखद वाक्य नाहीं, कारण तें शत्रूचें नाहीं. त्याच सुमारास कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थास चहाचें दुकान घालून दिलें आणि तेथें स्वतः जाऊन चहा घेतला. राजानें तेथें बसून घेतलेल्या एका पेल्याची किंमत अनेक व्याख्यानांहून अधिक होती.

अखेर कायदा आला. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांत प्रवेश करतांना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासहि अडवितां येणार नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. राज्यघटनेसारख्या गंभीर ग्रंथांत उपाहारगृहाचें नांव कशाला, असें कोणास वाटेल. महाविद्यालयांत ज्यास पाणी मिळालें नाहीं, तोच विद्यार्थी मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ती शंका उरत नाहीं. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यानें अशी अडवणूक दंडनीयहि केली.

मेज याप्रमाणें सर्वांचें झालें. पण उपाहारगृहाचा जो गुण, तोच त्याचा दोषहि आहे. मित्राला घरीं न नेतां त्याच्याबरोबर जेवण्याची सोय त्यानें करून दिली. ज्या काळांत घरचा दरवाजा उघडणें अशक्य होतें, त्या काळांत ही सोय मोठी होती. आज ती कित्येकदां पळवाट होते. मुंबईच्या उपनगरांत घर भाड्यानें देतांना जात, धर्म व आहार यांची चौकशी अजूनहि होते, हें कोणास सांगावयास नको. जो शेजारी म्हणून चालत नाहीं, तोच मेजावर मित्र म्हणून चालतो! शिवाय जातीची पाटी उतरली, तेथें किंमतीची पाटी लागली आहे. एका बाकावरच्या दोघांपैकीं एकाची मिळकत बेताची असेल, तर वांद्र्याच्या नव्या उपाहारगृहांतील पदार्थांची यादी पाहून त्याची भूक मरते, आणि पुढच्या भेटीचें तो कांहींतरी निमित्त काढून टाळतो. हाहि एक बहिष्कारच. फक्त तो कोणी घातलेला नसतो.

म्हणून जुन्या मित्राच्या भेटीचा आनंद मानतांना पूर्वीं ज्यांनीं बंद खोलींत पावाचा तुकडा खाल्ला, त्यांचें ऋण मनांत असावें. त्यांना मेज मिळालें नाहीं, तें आपणांस मिळालें. पण त्यांच्या मनांत होतें तें नुसतें मेज नव्हे. मित्राची पोळी आपल्या चुलीवर भाजली जावी आणि आपल्या आईनें वा पत्नीनें ती त्याच्या पानांत निःशंक वाढावी, हें त्यांचें मागणें होतें. बडोद्याच्या त्या मित्रास जें साधलें नाहीं, तें आपल्यापैकीं किती घरांत साधलें आहे, याचें उत्तर उपाहारगृहांत मिळणार नाहीं. ज्यानें त्यानें तें आपल्या उंबरठ्याशींच शोधलें पाहिजे.