आवाजाचा पत्ता: तोफेपासून यंत्रमागापर्यंत

सोलापुरात यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून बघा. खडखड सगळीकडून येते. आवाज किती, हे एक मायक्रोफोन सांगतो. कुठून, ते नाही.

१९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यात लॉरेन्स ब्रॅग यांच्यापुढे हाच प्रश्न होता: शत्रूची तोफ कुठंय? त्यांनी मायक्रोफोनची रांग लावली. आवाज कुणाकडे किती उशिरा पोचला, ते मोजायचं. गणित बरोबर होतं, पण साधे मायक्रोफोन तोफगोळ्याच्या कडकडाटालाच फसायचे. १९१६ मध्ये टकर यांनी तापलेल्या तारेचा मायक्रोफोन केला. तोफेच्या खोल आवाजाने हवा हलली की तार गार व्हायची. मग पद्धत चालली.

आजचा ध्वनी-कॅमेरा अशाच फरकांवरून आवाजाचा रंगीत नकाशा काढतो. खोडदची जीएमआरटी दुर्बीण ३० अँटेना जोडून रेडिओ लहरींचा नकाशा काढते, तेही याच तत्त्वावर. म्हणून विषय घेताना गणिताआधी विचारा: माझा सेन्सर नेमकं काय ऐकतो?