अंकांची दोन नावे

इ. स. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले छत्तीसगडचा कारभार रतनपुराहून पाहू लागले. १८१८ मध्ये इंग्रजी देखरेखीखाली कारभाराचे ठाणे रायपुरास आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. राज्य गेले, परंतु रायपुरातील मराठी घरांत मराठी मोजणी राहिली.

या घरांतील बालवाडीचे मूल आज ४३ ला घरी 'त्रेचाळीस' म्हणते, शाळेत 'तैंतालीस'. दोन्ही शब्द एकाच संस्कृत मुळाचे. दोहोंत एककाचा उच्चार आधी. लिहिताना मात्र चार आधी येतो. मूल ऐकल्याप्रमाणे ३४ लिहिते, आणि आपण त्यास वेंधळे ठरवितो!

हीच अडचण जाणून २०१९ मध्ये बालभारतीने इयत्ता दुसरीच्या गणितात 'चाळीस तीन' ही रीत आणली. तेलुगू-कानडीत दशक आधीच बोलतात. मराठी बिघडली म्हणून त्या वेळी मोठा गहजब झाला. आम्हांस ही रीत पायरी म्हणून मान्य आहे. चिंचोक्यांचे दहा-दहांचे चार ढीग मांडावेत, तीन सुटे ठेवावेत आणि 'चाळीस तीन' म्हणवावे.

मात्र तेथेच थांबू नये. ८९ ला हिंदी 'नवासी', म्हणजे ऐंशी आणि नऊ, म्हणते. आपले 'एकोणनव्वद' नव्वदांतून एक उणा करते. शब्दातच वजाबाकी शिकविणारा हा वारसा आहे. शाळा तो देणार नाही. बदलीच्या गावी तो देणारे आपणच.