मुंबई ते उरण : अंतर किती?

मुंबई आणि उरण यांमधील अंतर किती, या साध्या प्रश्नास एकच उत्तर देता येत नाही. भाऊच्या धक्क्यावरून समुद्रपक्षी उडाला, तर मोरा बंदर त्यास सुमारे 10 किलोमीटरवर लागेल. ताशी 200 किलोमीटर वेगाच्या विमानास तेवढी वाट अवघ्या 3 मिनिटांची. लाँचला मात्र पाऊण तास ते एक तास लागतो. आणि वाशीच्या पुलावरून खाडीला वळसा घालून जाणाऱ्यास सुमारे 60 किलोमीटरचा पल्ला पडतो. श्रोतेहो, नकाशावरील अंतर एक आणि माणसाच्या वाट्यास येणारे अंतर दुसरे, हेच उरणच्या इतिहासाचे सूत्र होय.

उरण हे मूळचे कारंजा बेटावरील गाव. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी व घारापुरीबरोबर हे बेटही इंग्रजांकडे कायम झाले. त्या काळी पाणी हाच राजमार्ग होता आणि वारा व भरती-ओहोटी हेच प्रवाशाचे घड्याळ.

पुढे आकाशमार्ग खुला झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका लहानशा विमानातून कराचीचे टपाल अहमदाबादमार्गे मुंबईस आणले. सकाळी निघालेले टपाल दुपारी जुहूस उतरले. शेकडो मैलांवरची कराची अशी अर्ध्या दिवसावर आली. पण समोर दिसणाऱ्या उरणचा रस्ता मात्र मचव्याचा तो मचव्याचाच राहिला. आजही ओहोटीच्या वेळी मोऱ्यास गाळामुळे लाँच लागणे कठीण होते, ते निराळेच.

अंतर तोडण्याचे मोठे उद्योग सुरू झाले ते सिडकोच्या 1970 मधील स्थापनेनंतर. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. नव्या नगरासाठी व बंदरासाठी भातशेती आणि मिठागरे संपादिली गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये झालेल्या गोळीबारात 5 जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास देण्याचे तत्त्व या लढ्याचेच फळ मानले जाते. 1989 मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले आणि जगाच्या व्यापाराची जहाजे उरणच्या दाराशी लागली.

12 जानेवारी 2024 रोजी शिवडीपासून उरण तालुक्यातील चिर्ल्यापर्यंतचा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, आणि त्याच दिवशी उरणपर्यंतची रेल्वेही. मोटारीने सेतू सुमारे 20 मिनिटांत ओलांडता येतो. शेजारच्या पनवेल तालुक्यातील नव्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमाने उडू लागली. तेथून दिल्ली दोन-सव्वादोन तासांवर आली.

परंतु त्या सेतूवर दुचाकीस मज्जाव आहे आणि मोटारीस पथकर द्यावा लागतो. मोटारसायकलवरून कामास जाणारा उरणकर म्हणून अजून लाँचची नाही तर गाडीची वाट पाहतो, किंवा वाशीचा वळसा घेतो. अंतर कमी झाले यात संशय नाही. पण ते कोणासाठी किती कमी झाले, हे मोजावयाचे झाल्यास माप ज्यांच्या शेतांवर हे मार्ग उभे राहिले त्यांच्या उंबरठ्यापासून लावले पाहिजे.