कॅसेटच्या कडेची ती छोटी पाकळी

द. वि. पलुस्कर आपल्या नाशिकचे. १९२१चा जन्म इथलाच. १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. आज त्यांचा आवाज ऐकायला मिळतो, त्यात ७८ आरपीएमच्या तबकड्यांचा मोठा वाटा आहे. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं, त्यात ख्याल बसवायचा! तरी ते नशीबवान. भास्करबुवा बखले १९२२ला गेले, अल्लादिया खाँसाहेब १९४६ला. दोघांच्याही गाण्याची तबकडी निघालीच नाही. बुवांचे शिष्य बालगंधर्व यांच्या मात्र ढिगाने निघाल्या. मशीन कंपनीकडे होतं, म्हणून कुणाचा आवाज उरणार हे बाजार ठरवायचा.

हे बदललं ते स्वस्त मशीनमुळे. फिलिप्सने १९६३ला कॅसेट आणली आणि ऐंशीच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टू-इन-वन आले. लाल-काळी दोन बटणं एकदम दाबली की झालं रेकॉर्डिंग. माईक मशीनमध्येच. गाणारा थांबला की मशीन आपोआप बारीक आवाज मोठा करायचं, मग घड्याळाची टिकटिक, कुकरची शिट्टी, बाहेरचा भंगारवाला, सगळं आत. तीस मिनिटांनी बाजू संपायची आणि भजन ऐन रंगात तुटायचं. मला स्टुडिओतल्या चकचकीत गाण्यापेक्षा हे जास्त खरं वाटतं. त्यात घर ऐकू येतं.

अशा साध्या रेकॉर्डिंगला कमी लेखू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर! पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कित्येक बायकांचे आवाज टेपवर घेतले. जातं गिरणीने घराबाहेर काढलं होतं, पण ओव्या अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी होत्या. आज ‘परी’च्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. एकाही कंपनीला त्या आवाजांची किंमत नव्हती.

आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक घ्या. १९२२चा जन्म, २००४ला नाशिकमध्ये निधन. हजारो गीतं. ती पसरली गायनपार्ट्यांमधून, वह्यांमधून आणि कॅसेटमधून. जयंतीच्या कार्यक्रमात कुणी टेप लावून बसला असेल, तर ती कॅसेट आज कुठल्या तरी माळ्यावर असणार. भजनी मंडळांचं, गोंधळाचं, आजीच्या पाळण्याचंही तेच.

आणि ते मरतंय, मंडळी. पावसाळ्यात टेपला बुरशी धरते, आतली फेल्टची गादी निसटते, वाजवायला डेक उरला नाही. काहींनी तर आजीच्या ओव्यांवर सिनेमाची गाणी भरली. कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पाकळी मोडली असती तर त्यावर पुन्हा भरताच आलं नसतं. पण ते सांगणार कोण?

आपलं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. जुनी पुस्तकं जपायची असतात हे या गावाला कळतं. तिथे एक चालू डेक, एक कॉम्प्युटर आणि शिकवणारं एक माणूस एवढा कोपरा असावा, असं मला वाटतं. महापालिका सिंहस्थाचं नियोजन करते, त्यात हा खर्च चिल्लर आहे.

तोवर घरीच करा. डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या ऑडिओ इनपुटला, ऑडासिटी फुकट मिळतं, फाइल वेव्हमध्ये ठेवा. बुरशी दिसली तर वाजवू नका, आधी जाणकाराला दाखवा. घरात कुणी अजून गात असेल तर मोबाइलही पुरे: पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, दोन हातांवर मऊ कापडावर ठेवायचा, मागे गोधडी टांगायची. सुरुवातीलाच गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. नाहीतर पन्नास वर्षांनी नुसता आवाज राहील, माणूस कोण ते कळणार नाही.

कुणाकडे वामनदादांच्या कार्यक्रमाची जुनी कॅसेट असेल तर कमेंटमध्ये लिहा. डेक माझ्याकडे आहे, चालतो.